मोठ्यानं वाचणारी बाई

११ जानेवारी, रविवार

उद्यापासून शिन यी तिसरीत. दप्तर भरून झालं, बूट पांढरे करून वाळत टाकले, आणि मी वही उघडून बसले आहे. दिवसभर गिळलेलं कुठेतरी बाहेर काढायलाच हवं.

दुपारी जाऊबाई आल्या होत्या इपोहहून, शहरातून, भाऊजींना घेऊन. जेवताना मला विचारतात, "काय गं लाय क्वान, शिन यीच्या वर्गात चिनी पोरं किती उरली?" त्यांना चांगलं माहीत आहे. तरी माझ्या तोंडून वदवून घ्यायचं. मी म्हटलं, दोन. आमची शिन यी आणि टायरवाल्याचा मुलगा. बाकी तीन मलाय, दोन तमिळ. "अगं बाई! म्हणजे चिनी शाळा फक्त पाटीपुरती!" असं म्हणून हसल्या, आणि भाऊजीही हसले. "वातावरण लागतं बाई, वातावरण. आमच्या इकडच्या शाळेत ये एकदा. ज्या पोराला हाक मारशील ते मँडरिनमध्येच ओ देतं."

बोलणार काय, कप्पाळ? मी स्वतः चिनी शाळेची पायरी चढलेली नाही. बाबांनी मला सरकारी मलाय शाळेत घातलं, का तर ती घरासमोर होती आणि घरात सायकल एकच होती. तोंडानं कँटनीज फडाफडा बोलते, दुकानात केस कापता कापता मँडरिनही निभावून नेते, पण अक्षर म्हणाल तर माझं नाव आणि एक ते दहा. चिनी बाई, आणि वही लिहिते मलायमध्ये. लग्नाची पत्रिका आली की नवऱ्याच्या, लिओंगच्या हातात देते, "बघ ना, माझा चष्मा सापडत नाही." मला चष्माच नाही.

शिन यीला चिनी शाळेत घातलं ते एवढ्याचसाठी. माझी ही लाज तिच्या वाट्याला नको. तिला बिचारीला यातलं काही माहीत नाही. ती वही दाखवते, मी मान डोलावते.

१४ जानेवारी, बुधवार

वर्गशिक्षिका तेह बाई वर्गाच्या ग्रुपवर सूचना टाकतात त्या सगळ्या चिनी अक्षरांत. आज फोनला भाषांतर करायला लावलं. फोन म्हणाला, "उद्या मुलांनी रंगीत डोके आणावे." म्हणून शाळा सुटताना मला गेटवर जावंच लागतं. गेटवर हस्नी असते.

हस्नी म्हणजे औनीची आई. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचा बाप टोफूच्या कारखान्याची गाडी चालवायचा. चिनी मालक म्हणाला, पोरीला आमच्या शाळेत घाल, यानं घातलं. त्यामुळे आमच्या गावात चिनी वाचणारी मलाय बाई एक, आणि चिनी न वाचणारी चिनी बाई एक. दोघींच्या मुली एका बाकावर! देवाला पण काय थट्टा सुचते.

तर ही हस्नी बाकीच्या मलाय आणि तमिळ आयांना सूचना वाचून दाखवते. आधी चिनीत, मग मलायमध्ये. आणि काय तो आवाज! समोर चार बाया उभ्या, आणि ही मैदानात सभा घेतल्यासारखी. मी पलीकडे रस्त्याला स्कूटरपाशी हेल्मेटचा पट्टा नीट करत असते, तिथपर्यंत शब्द न् शब्द येतो. मिरवायची हौस, दुसरं काय. आज एक तमिळ आई म्हणालीसुद्धा, "हस्नी, आम्ही बहिऱ्या नाही गं!" तर ती हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तेवढ्याच मोठ्यानं.

रंगीत कागद आणायचा आहे. डोकं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सासूबाईंचा रक्तदाब बघायला हस्नी घरी आली. दवाखान्यात रांगेत म्हातारीला उभं राहवत नाही, म्हणून ड्यूटी संपल्यावर येते. ये बाई, उपकार आहेत. पण दाब बघून झाला की निघावं ना? नाही. सासूबाई लगेच चिनी वर्तमानपत्र पुढे करतात. दोघी ओट्यावर बसून निधनवार्ता वाचतात. हस्नी कँटनीजमध्ये वाचते, "हा बघा आजी, लोहाराच्या गल्लीतला, वय सत्त्याऐंशी," आणि सासूबाई खुशीत म्हणतात, "याच्याकडे मी कढई घेतली होती, पहिल्याच दिवशी गळली. बरं झालं गेला."

तिच्यासाठी सासूबाईंनी वेगळी कपबशी आणून ठेवली आहे. निळ्या फुलांची. वेगळ्या कपाटात. आमच्या घरात डुक्कर शिजतं म्हणून तिला वेगळं. ते ठीक, ते समजतं मला. पण मी चुकून त्या कपात चहा ओतला तर म्हातारी केवढ्यानं ओरडली! तेरा वर्षं संसार करते मी या घरात. माझ्यासाठी कधी एक चमचा वेगळा आणला नाही.

२५ जानेवारी, रविवार

शनिवारी लाल पट्ट्या लिहायची स्पर्धा आहे, चिनी नववर्षाच्या आधी असते ती. कुंचल्यानं लाल कागदावर शुभेच्छेच्या ओळी लिहायच्या. गावातली म्हातारी मंडळी परीक्षक.

शिन यी रोज शाळा सुटली की हस्नीच्या पडवीत. दोघी पोरी जुन्या वर्तमानपत्रांवर गिरवतात. घरी येते ती नाकाला शाई लागलेली, आणि तोंडात एकच, "मक चिक म्हणते मनगट सैल सोड. मक चिक म्हणते रेघ ओढताना श्वास सोडायचा नाही." मावशी हे म्हणते आणि मावशी ते म्हणते! आज मी म्हटलं, "आण, मी बघते." तिनं कागद माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "मम्मी, उलटा आहे." मग लगेच म्हणाली, "उलटा पण छान दिसतो."

तिला वाटलं असेल मी गंमत करते आहे.

३१ जानेवारी, शनिवार

औनी पहिली. शिन यी तिसरी.

डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एवढीशी मलाय पोर, आणि हातात कुंचला असा धरला होता की आमचे खडूस म्हातारे खुर्चीतून उठून बघायला आले. देवळाचे अध्यक्ष म्हणाले, "हा हात बघा! आमच्या पोरांनी शिकावं हिच्याकडून." आमच्या पोरांनी! माईकवर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारी सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. स्वतःची नात तिसरी आली म्हणून नव्हे, हस्नीची पहिली आली म्हणून.

वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला. औनीला मध्ये उभं केलं, बाजूला अध्यक्ष, मागे दिवे. शिन यी औनीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. तो म्हणाला, "बाळ, जरा सरक." फोटोत माझ्या मुलीचं कोपर आलं असेल तेवढंच.

आणि माझी पोर? दुखावली का? छे! घरी येऊन आजीला उड्या मारत सांगते, "औनी पहिली आली, औनी पहिली आली!" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

जाऊबाईंना फोन केला. शिन यीला त्यांच्या इपोहच्या शाळेत घालायचं. त्या म्हणाल्या, "अखेर उजेड पडला!" मुख्याध्यापिकेशी त्यांची ओळख आहे. पुढच्या मंगळवारी भेटायला बोलावलं आहे.

लिओंगला फोनवर सांगितलं. तो मासळीचा ट्रक घेऊन कुआंतानला होता. म्हणाला, "का? चांगली चाललीय की पोर." मी म्हटलं, वातावरण. तो म्हणाला, "कसलं वातावरण? रोज पहाटे उठून व्हॅननं इतक्या लांब जायचं, तेही इथल्याच इयत्तेत बसायला? तुझ्या पोटात दुखतंय, लाय क्वान." मी फोन ठेवला.

माझ्या पोटात काही दुखत नाही. सात पोरांच्या वर्गात चुरस कुठली? दोनच चिनी पोरं. भाषा कानावर पडायला नको? यात हस्नीचा आणि औनीचा काडीचा संबंध नाही. मी हे इथे लिहून ठेवते आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

घर झाडलं, जाळी काढली, कंदील टांगले. बाजारातून दाराच्या लाल पट्ट्या आणल्या, छापील, सोनेरी अक्षरांच्या. दोन्ही बाजूंना एकेक लावली, वर आडवी. स्टुलावरून उतरून लांबून बघितलं तर खरंच देखणं दिसत होतं.

तेवढ्यात हस्नी शिन यीला सोडायला आली. दाराकडे बघून जरा घुटमळली. मग हळूच, अगदी हळूच म्हणाली (मला ती काक म्हणते, म्हणजे ताई), "काक लाय, पट्ट्यांची बाजू बदलली असती तर... ही ओळ आधीची ना, ती उजवीकडे येते. मी धरू का स्टूल?"

एरवी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वाचणारी बाई, आणि आज कुजबुज! तीच कुजबुज मला जास्त झोंबली. मी म्हटलं, "माझ्या दारावर काय कुठे लावायचं ते आता तू मला शिकवणार?" ती म्हणाली, "नाही काक, चुकलं माझं." शिन यी दोघींच्या मध्ये उभी राहून चपलेनं माती उकरत होती.

पट्ट्या मी तशाच ठेवल्या आहेत. राहू देत उलट्या. हस्नीनं सांगितल्यावर बदलायच्या? त्यापेक्षा वर्षभर उलट्या राहू देत!

१० फेब्रुवारी, मंगळवार

इपोहची शाळा. बापरे, केवढी! तीन मजले, आणि मैदानभर काळ्या केसांची एकसारखी पोरं. जाऊबाई प्रत्येक जिन्यावर वळून माझं तोंड बघत होत्या, डोळे दिपले की नाही ते.

मुख्याध्यापिकाबाईंनी शिन यीला समोर बसवून गोष्टीचं पुस्तक वाचायला दिलं. माझी पोर घडाघडा वाचत गेली. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "उच्चार फार स्वच्छ आहेत. घरी कोण करून घेतं अभ्यास?" मी तोंड उघडणार एवढ्यात शिन यी म्हणाली, "औनीची आई." "औनी म्हणजे?" "माझी मैत्रीण. मलाय आहे." बाईंनी माझ्याकडे बघितलं. जाऊबाई मधेच म्हणाल्या, "खेड्यात काय हो, असंच चालतं." सगळे हसले. मीपण हसले, काय करणार.

प्रवेश मिळाला. नववर्षाच्या सुट्टीनंतर जायचं.

परत येताना शिन यी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "औनीला पण घेतील का इथे?" मी म्हटलं, "तिथे तिच्यासारखी मुलं नाहीत." ती म्हणाली, "तिच्यासारखी हुशार?" जाऊबाई गाडी चालवत होत्या, त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, झोप आता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नववर्ष. सगळे आमच्याकडे. जाऊबाई त्या उलट्या पट्ट्यांखालून चार वेळा आत-बाहेर गेल्या, "काय सुंदर सजवलंयस दार" म्हणाल्या. त्यांना काही कळलं नाही! एवढ्या इपोहच्या वातावरणात राहून कळलं नाही! माझा सकाळचा अर्धा आनंद तोच.

दुपारी हस्नी आली, नवरा आणि औनीला घेऊन, हातात संत्री. परवापासून त्यांचे रोजे. औनीनं सासूबाईंपुढे दोन्ही मुठी जोडून इतक्या लांबलचक शुभेच्छा म्हटल्या की म्हातारीनं आपल्या नातीआधी तिच्या हातात पैशांचं लाल पाकीट ठेवलं. मग निळ्या फुलांची कपबशी निघाली.

आणि जाऊबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आमची शिन यी सोमवारपासून इपोहला! आता खरी चिनी शाळा."

मी हस्नीला सांगितलं नव्हतं. शिन यीनं औनीला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. औनी शिन यीकडे बघत राहिली आणि शिन यी चटईकडे. सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "मला कोणी विचारलं नाही." त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

हस्नी माझ्यामागून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"काक, मला आधी सांगायचं होतंत."

"का? माझ्या मुलीची शाळा तुला विचारून ठरवू?"

"तसं नाही हो. माझ्या सासूबाई दोन वर्षं मागे लागल्यात. औनीला आपल्या शाळेत घाल, आपल्या पोरांत वाढू दे, कुराणातल्या चार सुरा पाठ होऊ देत. म्हणतात, चिनी शाळेत चिनी पोरंच नाहीत, मग हट्ट कशाला? दर वेळी मी सांगायचे, शिन यी आहे ना. दोघी दिवसभर चिनीतच बोलतात, भांडतात पण चिनीत. तिच्या नावावर मी भांडायचे, काक. आता काय सांगू घरी?"

मी म्हटलं, "टायरवाल्याचा मुलगा आहे की."

"तो कुठे बोलतो तिच्याशी? ढकलतो तेवढा."

मी चुलीवरचं सूप ढवळत राहिले. ती गेली.

आता खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही. मला आनंद झाला. पोटातून झाला. औनी ती शाळा सोडणार म्हणजे पुढच्या वर्षी माईकवर कोणी काही म्हणणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे व्हॅन. शिन यी अर्धवट झोपेत चढली. शाळेतून आल्यावर विचारलं, कशी आहे? "मोठी आहे." मैत्रीण झाली? "बघू." शेजारी कोण बसतं? "एक मुलगी." नाव काय? "विचारलं नाही."

जाऊबाईंना मात्र सांगितलं, वातावरण फार छान आहे.

४ मार्च, बुधवार

दुकानात केस रंगवायला तेह बाई आल्या होत्या. म्हणाल्या, औनी गेली, सोमवारी दाखला नेला. आता तिसरीत पाच पोरं. "दोघी होत्या तेव्हा वर्गात शिकवायला मजा यायची," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या कानाला प्लॅस्टिक लावत होते.

जिंकले म्हणायचं मी. मग चैन का पडत नाही? हस्नी आताशा सासूबाईंचा दाब बघायला आली तर मी दुकानात असताना येते. म्हणजे माझी वेळ बघून येते. गाठ पडू नये म्हणून! मी तिचं काय घोडं मारलं? तोंड चुकवायचं तर मी चुकवीन ना.

आणि नव्या शाळेचा ग्रुप म्हणजे मेला महापूर. दिवसभर टिंगटिंग. सगळी अक्षरंच अक्षरं. तिथे गेटवर कोणी काही वाचून दाखवत नाही. सगळ्या आया गाडीतून उतरतच नाहीत, काच खाली करून पोर घेतात की निघाल्या. कोणाला गरजच नाही.

१२ मार्च, गुरुवार

काल शिन यीला ताप होता, घरीच ठेवली. आज बरी होती. पहाटे तयार करून दारात उभं केलं, व्हॅन आलीच नाही. मला वाटलं, हा व्हॅनवाला नेहमीचाच आळशी. फोन केला तर बंद. शेजारची गाडी मागितली, आणि स्वतः घेऊन गेले इपोहला, वाटेत त्याला शिव्या घालत.

गेट बंद. आत चिटपाखरू नाही. पहारेकरी म्हातारा मलाय. म्हणाला, "आज सुट्टी आहे, बाईसाहेब. शाळेचा काहीतरी दिवस. ग्रुपवर टाकलंय म्हणे." मी म्हटलं, मला नाही आलं. तो म्हणाला, "सगळ्यांना आलंय. मला चिनी येत नाही, पण गेट बंद आहे एवढं मला समजतं." थट्टाच केली त्यानं, वाईट हेतू नव्हता. पण माझ्या तोंडावर कोणी पाणी मारल्यासारखं झालं.

गाडीत बसलो. शिन यीनं माझा फोन घेतला, काल रात्रीची सूचना उघडली आणि वाचली. म्हणाली, "हो, सुट्टी. मम्मी, असं आलं की मला दाखवत जा ना. मला थोडं थोडं येतं."

मी म्हटलं, "घाईत माझं वाचायचं राहिलं."

ती म्हणाली, "मला माहीत आहे तुला येत नाही."

कधीपासून, विचारलं. पहिलीपासून, म्हणाली. मग माझ्याकडे न बघता सांगत गेली, की पहिलीत तिनं एकदा हस्नीला विचारलं होतं, माझी मम्मी पलीकडे एकटीच का उभी राहते? तर हस्नी म्हणाली होती, तिला आत यायला आवडत नाही, आपण तिला विचारायचं नाही, आपण मोठ्यानं वाचू. "तुझ्यासाठीच वाचायची ती मोठ्यानं. औनी आणि मी बघायचो तू मान हलवतेस का. तू मान हलवलीस की ती थांबायची."

मी इंजिन सुरू केलं. शिन यीला भूक लागली होती, वाटेत तिला गरम पाव घेऊन दिला.

राग आला आहे. कोणाचा ते कळत नाही. दोन वर्षं मी रस्त्यापलीकडे उभी राहून तिला मनात नावं ठेवली, आणि ती माझ्या मानेकडे बघत होती! एवढं चांगलं असायचं काय काम आहे एखाद्यानं? तिच्या या चांगुलपणाचासुद्धा मला हेवा वाटतो. लिहिताना लाज वाटते, पण वाटतो.

१३ मार्च, शुक्रवार

पुन्हा सूचना. लांबलचक. शिन यीला दाखवली. तिनं बोट ठेवत ठेवत निम्मी वाचली आणि अडली. "ही अक्षरं अजून झाली नाहीत." मग फोनकडेच बघत म्हणाली, "औनीला येत असतील. तिला तिच्या आईनं पुढची पण शिकवली आहेत."

जाऊबाईंना विचारता आलं असतं. एक फोन. त्यांनी सांगितलंही असतं, आणि मग पुढची दहा नववर्षं जेवताना सगळ्यांना सांगितलं असतं.

मी हस्नीला लिहायला घेतलं. "हस्नी, कशी आहेस?" खोडलं. "हस्नी, त्या दिवशी मी" एवढं लिहिलं आणि तेही खोडलं. शेवटी नुसता सूचनेचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. पाठवला आणि फोन टॉवेलखाली दडपून गिऱ्हाइकाचे केस धुवायला गेले.

त्यांची रोजा सोडायची वेळ उलटल्यावर उत्तर आलं. आवाजातलं. हस्नीचा आवाज नव्हता. औनी होती.

आधी सगळी सूचना चिनीत वाचली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मग मलायमध्ये. बुधवारी सुई टोचायची आहे, पालकांनी सही करायची, नाश्ता देऊन पाठवायचं. मागून हस्नी हळू काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. मग औनी म्हणाली, "आंटी, आई म्हणते मीच वाचायचं, नाहीतर विसरीन. नव्या शाळेत माझ्याशी चिनी बोलायला कोणी नाही. उद्या पण सूचना येईल का?"

शिन यीनं फोन घेतला आणि कपाटामागे जाऊन बसली. तिथून तोच आवाज पुन्हा ऐकू आला. मग पुन्हा. मी तिला जेवायला हाक मारली नाही.

१५ मार्च, रविवार

काल एक सूचना आली होती. पाठवली. औनीनं वाचली.

आज रविवार, शाळेचा ग्रुप गार. दुपारपर्यंत चार वेळा फोन बघितला. शिन यी माझ्याभोवती घोटाळत होती, विचारत काही नव्हती.

मग मी स्वयंपाकघरात गेले, सोया सॉसची बाटली पुसली, मागची बाजू उजेडाकडे फिरवली आणि त्या सगळ्या बारीक अक्षरांचा फोटो काढून पाठवला.

औनीनं सगळं वाचलं. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ, उघडल्यावर थंड जागी ठेवा. एकदाही अडली नाही. शिन यीपेक्षा अजूनही चांगली वाचते, मेली.

मी उठून फडताळातून चहाचा डबा काढला आणि त्याचीही मागची बाजू उजेडाकडे फिरवली.